आपल्याच माणसाला सांगायचे कसे?
(आमगाव येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आमगावचा हा मुलूख धानाचा, तुमची राने कापूस-ज्वारीची, कोरडवाहू. पिके निराळी, पण कार्यकर्त्यांची अडचण एकच. कलेक्टरसमोर आपण बेधडक बोलतो. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला ‘हे बरोबर नाही’ म्हणायचे, तर जीभ अडते. मग तेच पानठेल्यावर बोलले जाते आणि शाखा फुटते.

आपल्या माणसांना अवघड गोष्ट कशी सांगावी, हे शरद जोशींनी दाखवून दिले. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. घामाचे दाम सरकारकडे मागणाऱ्या पुरुषांनाच त्यांनी विचारले, घरच्या लक्ष्मीच्या घामाचा हिशेब कोणी केला? जमिनीचा काही हिस्सा तिच्या नावावर करा. सातबाऱ्याला हात घालणारी ही गोष्ट. माणसे तुटण्याची भीती होतीच. पण त्यांनी कोणाला गुन्हेगार ठरवले नाही. हे तुमच्यावरचे ऋण आहे, फेडा आणि मोकळे व्हा, असे सांगितले. पुष्कळ गावांतल्या शेतकऱ्यांनी ते मानले.

यातून आम्ही काय घ्यावे? समजा, वर्गणीचा हिशेब तीन महिने आला नाही. पहिली गोष्ट, भर सभेत पंचनामा नको. त्याच्या घरी जा, एकट्याने बोला. दुसरी, ‘लोक म्हणतात’ असे म्हणू नका. पावतीपुस्तक समोर ठेवा. तिसरी, आधी त्याचे ऐका. घरात आजारपण असेल, लिहिण्याची अडचण असेल. चौथी, एका वेळी एकच विषय. जुनी उणीदुणी उकरू नका. पाचवी, उठण्याआधी तारीख ठरवा आणि मदतीला कोण, तेही ठरवा. तारीख टळली, तर मात्र विषय बैठकीत आलाच पाहिजे. पैसा गावाचा आहे. तिथे भीड चालत नाही.

निंदण वेळेवर झाले तर खुरप्याने भागते. उशीर केला की तण उपटताना पऱ्हाटीही उपटून येते. माणसांचेही तसेच आहे.

तेव्हा घरी गेल्यावर प्रत्येकाने मनात अडलेली एक गोष्ट ज्याची त्याला सांगावी, आणि आपल्याला कोणी सांगायला आले, तर आधी बसायला पाट द्यावा.