पेटीबंद आज्ञावली

जबलपूरच्या मदन महाल स्थानकातून हावडा-मुंबई मार्गावरील गाड्या धावतात. जवळच्या टेकडीवर, एका प्रचंड शिळेवर, गोंड राजवटीतील मदन महाल उभा आहे. याच शहरातून गोंदियाकडे जाणारा मार्ग अनेक दशके नॅरोगेजचा होता. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट, तर त्याचे अवघे अडीच फूट. एकावरील डबा दुसऱ्यावर चालणे अशक्य. माल उतरवून पुन्हा भरणे ओघानेच आले. आज तोही मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. परंतु संगणकाच्या जगात हे मापांतर अजून पदोपदी आडवे येते.

समजा, मदन महाल भागातील एका विद्यार्थ्याने शहरातील जुन्या मराठी कुटुंबांच्या आठवणी नोंदविणारी आज्ञावली पायथॉन भाषेत रचली. घरच्या संगणकावर ती सुरळीत चालते. दुसरीकडे नेताच मोडून पडते. तेथे पायथॉनची आवृत्ती निराळी असते किंवा एखादा साहाय्यक संच नसतो. आज्ञावली नेली, पण तिचा संसार मागेच राहिला!

गोदीवरील अशाच अडचणीवर माल्कम मॅक्लीन यांनी १९५६ साली तोड काढली. ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ मोठ्या पेट्या चढवून त्यांनी त्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. आत काय भरले आहे, याची विचारपूस यारीला करावी लागली नाही. हाच विचार संगणकात रुजविणारे ‘डॉकर’ हे साधन सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये जगापुढे मांडले. डॉकर म्हणजे गोदीवरील कामगार. नाव अन्वर्थकच म्हणावयाचे.

पेटी भरण्याची कृती ‘डॉकरफाइल’ नावाच्या छोट्या टिपणात लिहितात. प्रथम पायथॉनची ठराविक आवृत्ती असलेला पाया निवडावा. मग साहाय्यक संचांची यादी आत नेऊन ते बसवावेत. त्यानंतर आज्ञावली ठेवावी आणि शेवटी ती सुरू करण्याची आज्ञा लिहावी. हा क्रम हेतुपूर्वक आहे. प्रत्येक पायरीचा एक थर साठून राहतो. म्हणून रोज बदलणारी आज्ञावली शेवटी ठेवल्यास खालचे थर पुन्हा रचावे लागत नाहीत.

येथे तीन ठिकाणी नवखा हमखास चुकतो. आज्ञावली १२७.०.०.१ या आपल्याच पत्त्यावर कान लावून बसली, तर पेटीचे दार उघडूनही आतून कोणी ओ देत नाही, तिने ०.०.०.० या पत्त्यावर ऐकावे. परवलीचा शब्द पेटीत भरू नये. नंतर पुसला तरी खालच्या थरात तो शिल्लक उरतो. तिसरी चूक सर्वांत घातक. चालत्या पेटीत लिहिलेले सारे ती पेटी काढून टाकताच नष्ट होते. वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी अशा क्षणार्धात गेल्या, तर त्या पुन्हा सांगावयास सांगणारा उरेलच असे नाही. म्हणून नोंदी पेटीबाहेरील कायम साठ्यात, म्हणजे ‘व्हॉल्यूम’मध्ये, ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत अन्यत्रही जपावी.

शिवाय पेटी स्वयंपूर्ण भासली तरी ती अधांतरी नसते. आभासी यंत्राप्रमाणे तिच्यात स्वतंत्र कर्नल नसतो. ती यजमान संगणकाच्या कर्नलवरच विसंबते. मदन महाल जसा खालच्या शिळेच्या आधाराने उभा आहे, तशीच ही पेटीही. पेटी कितीही नेटकी बांधली, तरी खालची शिळा भक्कम आहे की नाही, हे पाहणे बांधणाऱ्याला चुकत नाही.