फोटो गेले, म्हणजे कोठे गेले?



पुणे-सातारा रस्त्यावरचा कापूरहोळचा चौक आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एक फाटा भोरकडे जातो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. पावसाळ्यात रायरेश्वराकडे आणि वरंध घाटाकडे धावणाऱ्या गाड्या येथूनच वळतात. केतकावळ्याच्या बालाजीला जाणारी मंडळी येथेच चहाला थांबतात. आणि लग्नसराई आली म्हणजे हमरस्त्यालगतच्या मंगल कार्यालयांतून रोज अक्षता पडतात. या सगळ्या गर्दीच्या गळ्यात नाहीतर हातात कॅमेरा असतो. माझे फोटोचे दुकान अशाच वाटेवर असल्यामुळे, या गर्दीतून दर आठवड्याला एखाददुसरा माणूस हिरमुसल्या चेहऱ्याने माझ्यापाशी येतो. तळहातावर टिकलीएवढे काळे कार्ड असते आणि तोंडात एकच वाक्य, ‘दादा, फोटो गेलं वो समदं.’

मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘गेले असे कळल्यानंतर या कार्डावर आणखी काही काढलेत का?’ पुढचे बरेचसे या एका उत्तरावर ठरते. ते का, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. पूर्वी फिल्म होती. फिल्मवर उजेड पडला की तेथील चांदीच्या क्षारात बदल होई, तो पक्का करून निगेटिव्ह निघे, आणि एक निगेटिव्ह एकदाच. त्यावर दुसरे चित्र काढता येत नसे. घरातला फोटो वाळवीने खाल्ला तरी निगेटिव्हवरून पुन्हा छापून घेता येई. कार्डाची जात निराळी. त्याच्या पोटात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा थोडासा भार कोंडून ठेवलेला असतो. भार किती आहे यावरून एक की शून्य ते ठरते, आणि अशा एक-शून्यांच्या रांगा म्हणजे तुमचा फोटो. या जातीची स्मृती जपानात तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधून काढली. आज कॅमेऱ्यात सर्रास दिसते ते एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून पुढे आणले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. ३२ जीबीच्या कार्डात चांगल्या कॅमेऱ्याचे तीन हजारांच्या आसपास फोटो सहज मावतात. छत्तीस फोटोंच्या रोलवर लग्न उरकणाऱ्या आम्हां लोकांना हे प्रथम खरेच वाटले नव्हते.

परंतु कार्ड ही निगेटिव्ह नव्हे, ती पाटी आहे. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. सगळे दुःख येथून सुरू होते आणि थोडे सुखही येथेच आहे. कसे ते पाहा.

तलाठ्याच्या दप्तरात सात-बाराचा उतारा असतो आणि जमीन शिवारात असते. कार्डातही तसेच. फोटो एकीकडे आणि ‘अमुक फोटो अमुक जागी’ अशी नोंदवही दुसरीकडे. आपण फोटो पुसतो तेव्हा कॅमेरा शिवारात जाऊन नांगर फिरवीत नाही. तो फक्त नोंदवहीतल्या नावावर खूण करतो आणि ही जागा मोकळी आहे असे ठरवितो. कॅमेऱ्यातले साधे फॉरमॅटसुद्धा बहुधा एवढेच करते. वही कोरी करते, जमीन तशीच राहते. (काही कॅमेऱ्यांत पूर्ण पुसण्याची वेगळी सोय असते, ती वापरली असेल तर गोष्ट निराळी.) म्हणजे फोटो ‘गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते तेथेच पडून असतात, त्यांचा पत्ता तेवढा हरवलेला असतो. मात्र जागा मोकळी आहे असे कॅमेऱ्याला वाटत असल्यामुळे पुढचा फोटो तो खुशाल तेथेच नेऊन टाकतो. त्या जागेवरचा जुना फोटो मग कोणालाही, कोठल्याही युक्तीने परत आणता येत नाही. म्हणून तो पहिला प्रश्न.

ही चूक खेड्यातलेच लोक करतात असे कोणी समजू नये. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला, ते दृश्य मूळ स्वरूपात ज्या टेपांवर उतरले होते त्या टेपा बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या नासा संस्थेने २००९ साली शोधाअंती सांगितले. टेपांची चणचण होती, जुन्या टेपा हाताशी होत्या. दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेल्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी होत्या म्हणून जगाला ते दृश्य आजही दिसते. चंद्राचे फोटो वाचले ते दुसऱ्या प्रतीमुळे, हे ध्यानात ठेवा. त्याकडे पुन्हा येऊ.

तर मंडळी, फोटो दिसेनासे झाले की करायचे काय? कॅमेरा बंद करा आणि कार्ड बाहेर काढा. ‘एकदा पुन्हा लावून बघू’ हा मोह आवरा. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला बारीकसा खटका असतो, तो खाली ओढला म्हणजे कार्डावर नवे लिहिणे बंद होते. मोबाइलमधल्या चिमुकल्या कार्डाला ही सोय नाही, म्हणून ते अधिक जपावे. कार्ड संगणकाला लावल्यावर ‘हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल, करू का?’ असे विचारणा करणारी पाटी येते. तिला ‘नाही’ म्हणावे. संगणक प्रश्न फार अदबीने विचारतो आणि आपल्याकडची माणसे भिडेपोटी ‘हो’ म्हणून मोकळी होतात!

यानंतर शोधकामाची पाळी. यासाठी तयार केलेले निरनिराळे प्रोग्रॅम मिळतात. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेला ‘फोटोरेक’ हा त्यांपैकी एक, आणि तो फुकट आहे. त्याची रीत मजेची. तो नोंदवहीकडे पाहतच नाही, सरळ शिवारात उतरून गट्टून गट्ट तपासतो. प्रत्येक जेपीईजी फोटोच्या आरंभी ठरावीक आकड्यांची एक खूण असते. ती दिसली की येथे फोटो सुरू झाला असे धरून तो पुढचे उचलीत जातो. दोन गोष्टी मात्र पाळाव्या. पहिले म्हणजे, मिळालेले फोटो त्याच कार्डावर साठवू नयेत, संगणकावर साठवावेत. नाहीतर विहिरीतला गाळ काढून पुन्हा विहिरीतच टाकल्यासारखे व्हायचे. दुसरे म्हणजे, फोटोंची मूळ नावे परत येत नाहीत, हे आधीच गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, सगळे एकत्र कालवून येते आणि मग घरच्या बायकांना बसवून लुगड्यांवरून क्रम लावावा लागतो. व्हिडिओची मात्र फार आशा धरू नये. तो लांबलचक असतो आणि कार्डावर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असू शकतो; पत्ता हरवला की तुकडे जुळत नाहीत.

गेल्या काही वर्षांत हाताखालून गेलेल्या कार्डांपैकी एकाची हकीकत सांगतो. भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावातल्या आत्याबाई नातवाला घेऊन आल्या. वैशाखात नातीचे लग्न झाले होते. ऐपत बेताची, त्यामुळे फोटो भाच्यानेच आपल्या कॅमेऱ्याने काढलेले. आषाढात आत्याबाईंचे यजमान गेले. दहाव्याला फोटो लावायचा म्हणून शोधाशोध झाली, तर कार्ड वाचताच येईना. म्हाताऱ्याचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, तोही कसा असतो ते आपण जाणता. मी विचारले, ‘आत्या, याला कोणी कोणी हात लावला?’ नातू म्हणाला, ‘मामानं दोन ठिकाणी दाखवलं, पण फोटो काही काढला नाही.’ ते ऐकून मला धीर आला. रात्रभर शोध चालू ठेवला. सकाळी चारशेच्या आसपास फोटोंपैकी तीनशेवर निघाले. म्हातारबाबा पुष्कळ ठिकाणी होते, पण पाठमोरे, नाहीतर गर्दीत अर्धे. समोरून, फेटा बांधलेला, नातीच्या डोक्यावर हात ठेवलेला असा एकच फोटो होता, आणि तो वरून निम्मा निघाला. खालचा भाग सगळा राखाडी. मी म्हटले, एवढाच आला. आत्याबाईंनी तो संगणकाच्या काचेवर बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, ‘त्वांड आलंय न्हवं? मग झालं.’ चेहऱ्यापुरता कापून मोठा करून दिला. नातीच्या डोक्यावरचा हात त्यात नाही.

असो. सगळीच कार्डे अशी बोलत नाहीत. कधी कार्डाच्या सोनेरी पट्ट्या घामाने, धुळीने मळलेल्या असतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसल्या तरी काम होते. कधी कार्ड वाचणारे यंत्रच बिघडलेले असते, म्हणून दुसऱ्या यंत्रात लावून पाहावे. पण कार्ड वाकले, चिरले, किंवा कोठल्याच यंत्राला त्याचा पत्ता लागेना, तर घरगुती उपाय थांबवावेत. अशा कार्डाच्या पोटातल्या चिपेला बारीक तारा जोडून वाचणारे कारागीर मोठ्या शहरांतून असतात. काम महाग असते आणि यशाची खात्री ते देत नाहीत. जो देतो त्याच्यापासून दोन हात दूर राहावे. राजगडावर पावसात भिजलेले कार्ड असेल तर ते उन्हात किंवा चुलीजवळ तापवू नये, तांदळात पुरूनही काही विशेष साधत नाही. पुसून, वाऱ्यावर पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि ओले असताना कोठेही लावू नये.

मोबाइलच्या पोटातल्या फोटोंचे काय, असे आपण विचाराल. तेथे माझी ही विद्या जवळजवळ चालत नाही. हल्लीचे फोन आतला मजकूर कुलूपबंद करून ठेवतात आणि मोकळी झालेली जागा लवकर साफ करून टाकतात. मात्र पुसलेले फोटो बहुतेक फोनांत महिनाभर एका टोपलीत राहतात. आधी ती टोपली उघडून पाहावी. दुकानापर्यंत आलेली निम्मी रडारड तेथेच मिटते.

बाजारात मिळणाऱ्या खोट्या कार्डांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. वर १२८ जीबी छापलेले असते आणि आत आठच असतात. कार्ड मात्र कॅमेऱ्याला बेधडक १२८ सांगते. पहिले आठ भरेपर्यंत सारे ठीक, पुढचे फोटो काढले जातात, आवाज होतो, दिवा लागतो आणि साठत काहीच नाही. ते कोठे गेले म्हणून शोधण्यातही अर्थ नसतो, कारण ते कधी कार्डावर आलेच नव्हते. नवे कार्ड घेतल्यावर एकदा ते काठोकाठ भरावे, आणि भरलेले सगळे उघडते की नाही ते पाहावे. हा तास-दोन तासांचा कंटाळा लग्नाच्या आधी करावा.

या भागाला हरवलेल्या फोटोंचे दुःख नवे नाही. वेल्ह्याकडचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. त्या दिवशी कित्येक घरांतले भिंतीवरचे वाडवडील वाहून गेले. भांडी पुन्हा आली, घरे पुन्हा उभी राहिली. पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे जळाली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुराच उरला आहे. पाणी, आग, वाळवी, बुरशी, आणि आता हे काळे कार्ड. कार्डालाही आयुष्य असते बरे का. त्यातला विजेचा भार वर्षानुवर्षे झिरपत जातो, उष्णतेने अधिकच. कपाटात दहा-पंधरा वर्षे ठेवून दिलेले कार्ड पुढे वाचता येईलच असे धरू नये. ते प्रवासाची पिशवी आहे, तिची तिजोरी करू नये.

आणि येथे त्या चंद्राच्या टेपांकडे परत येतो. लग्न, बारसे, साठीशांत, जे काही असेल त्याचे फोटो त्याच रात्री संगणकावर उतरवावेत आणि आणखी एका वेगळ्या डिस्कवरही ठेवावेत. एक प्रत दुसऱ्या घरी असली तर उत्तम. मुलगी पुण्याला दिलेली असेल तर तिच्याकडे. दोन्ही ठिकाणची प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. धंदेवाईक छायाचित्रकाराला ठरविताना भावाबरोबर हेही विचारावे, की तुमचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवितो का, आणि आमचे फोटो तुम्ही किती दिवस जपून ठेवणार? यात संकोचाचे कारण नाही. आचाऱ्याला आपण तेल कोणते वापरणार ते विचारतोच की.

जुने कार्ड विकताना किंवा कोणाला देताना याची उलट बाजूही ध्यानात असू द्यावी. मी जे शोधतो ते दुसराही शोधू शकतो. घरातल्या लेकीसुनांचे फोटो असलेले कार्ड नुसते फॉरमॅट करून देऊ नये. ते दुसऱ्या कसल्यातरी मजकुराने पूर्ण भरून, मग रिकामे करून द्यावे, किंवा द्यावयाचेच नाही. दुरुस्तीला देतानाही माणूस पाहून द्यावे आणि काम समोर बसून करून घ्यावे.

कापूरहोळ हे धाराऊचे गाव. संभाजीराजांना जिने दूध पाजले ती ही माउली. त्या काळी फोटो नव्हता; तिचा चेहरा ज्याने त्याने आपल्या मनाने काढावा. आपल्या घरातल्या धाराऊ, आज अंगणात नातवंडांना खेळवीत बसलेल्या, त्यांचे फोटो मात्र हजारांनी निघतात आणि एकही कागदावर येत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सुचवितो, वर्षाकाठी वीस फोटो निवडा, फार नकोत. ते चांगल्या कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, कोण, कोठे, कोणत्या साली, एवढे लिहा. शाईच्या पेनाने लिहू नका, ते कालांतराने पुढे उमटते. अल्बम बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. आमच्या मावळातला पाऊस चार महिने मुक्काम करतो, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास एकदा पाने उघडून सावलीत वारा लागू द्या.