एकच जीपीएस, सायकलला पण आणि गाडीला पण?

या आठवड्यात इनबॉक्समध्ये एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आली आहेत. त्यातलं एक वाचून दाखवतो: "दादा, पहिला बोनस आलाय. शनिवारी सायकलवर पानशेत नाहीतर सिंहगड असतं, आणि महिन्यातून एकदा गाडी घेऊन गावी जातो. दोन्हीकडे चालेल असं एकच जीपीएस सांग ना."

माझं उत्तर सरळ आहे. एकच घेऊ नकोस. गाडीसाठीचं जीपीएस तुझ्या खिशात आहेच. बोनसला हात लावायचाच असेल तर सायकलसाठी लाव. आता का ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवरून सिग्नल पाठवतात आणि आपलं यंत्र नुसतं ऐकतं. नेट लागतं ते नकाशा उतरवायला, पत्ता शोधायला आणि ट्रॅफिक कळायला. म्हणून ताम्हिणीत रेंज गेली तरी फोनवरचा निळा ठिपका हलत राहतो, फक्त त्याच्या खालचा नकाशा रिकामा होतो.

गंमत म्हणजे जीपीएस उपग्रहाकडून माहिती येते सेकंदाला ५० बिट्सनी. आपण ५जीच्या गप्पा मारतो, आणि हे ५० बिट्स! उपग्रहाने स्वतःच्या कक्षेची माहिती एकदा पूर्ण सांगायला ३० सेकंद जातात. फोन ती माहिती नेटवरून आधीच घेऊन ठेवतो, म्हणून त्याला जागा पटकन सापडते. बरेच दिवस बंद असलेलं सायकलचं डिव्हाइस चालू केलं की त्याला मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर शांत राहू द्या. लगेच पेडल मारलं की सुरुवातीची रेघ बिल्डिंगांच्या डोक्यावरून गेलेली दिसते.

गाडीचं पटकन उरकतो. गाडीत आपल्याला पत्ता शोधायचा असतो, आणि खंबाटकीत ट्रक बंद पडलाय का हे कळायला हवं असतं. ही माहिती येते पुढे अडकलेल्या लोकांच्या फोनवरून, ती फोनवरच मिळणार. चार्जिंगची चिंता नाही, गाडीत वीज आहे. चांगला होल्डर घ्या, एसीच्या झोतासमोर लावा, कारण काचेमागच्या उन्हात फोन तापतो आणि स्क्रीन आपोआप मंद होते. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. मॅपल्समध्ये उड्डाणपुलाच्या फाट्यांची चित्रं दिसतात, शहरात ती कामाला येतात. नियमाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना फक्त रस्ता पाहण्यासाठी फोन वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. हातात धरून मेसेज वाचणं त्यात बसत नाही.

आता सायकल. इथे सगळं उलटं होतं.

सायकलवर जायचं कुठे हे आपल्याला आधीच माहीत असतं. प्रश्न असतो कुठल्या रस्त्याने जायचं. गूगलचा टू-व्हीलर मोड मोटारसायकलवाल्यांसाठी आहे. स्कूटरला चढाचं काही वाटत नाही, आपल्या गुडघ्यांना वाटतं. म्हणून रूट घरी बसून, चढ बघून आखायचा, त्याची जीपीएक्स फाइल बनवायची आणि डिव्हाइसमध्ये टाकायची. स्वस्तातली डिव्हाइसेस नुसती रेघ दाखवतात, खाली नकाशा नसतो. ओळखीच्या रस्त्यावर रेघ पुरते. पण भोरच्या पुढे एखाद्या फाट्यावर रेघ सुटली, की परत रेघेवर यायचं कसं ते नकाशाच सांगतो. बऱ्याच डिव्हाइसमधले नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून आलेले असतात, म्हणजे गावाकडचा एखादा रस्ता नसेल तर तो तुम्ही स्वतः घालू शकता. मला हा भाग फार आवडतो.

मग बॅटरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, ३०० ला २० तासांची. स्क्रीन चालू ठेवून फोन इतका टिकत नाही. सायकलच्या डिव्हाइसचा पडदा बहुतेक वेळा उन्हाचाच उजेड वापरतो, दुपारी बारा वाजता उलट जास्त स्पष्ट दिसतो, म्हणून वीज कमी खातो. पावसात टचस्क्रीनवर थेंब पडले की ती स्वतःच्या मनाने चालते, त्यामुळे आपल्याकडे तरी बटणंवालं मॉडेल घ्या. उंची मोजायला आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे का ते बघा. जीपीएसची उभी अचूकता आडवीपेक्षा कमी असते, आणि घाटात "अजून किती चढ उरलाय" हे चुकीचं कळलं की पाय आधी नाही, धीर आधी सुटतो.

पण पैसे खर्च करायचं माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. वरंध्यात संध्याकाळी चेन तुटली, किंवा कुणी पडलं, तर त्या वेळी फोनची पहिली ड्युटी ११२ लावण्याची आहे. दिवसभर हँडलवर नकाशा दाखवून तो ३ टक्क्यांवर आलेला असेल तर त्याचा काय उपयोग? आणि हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं: बऱ्याच डिव्हाइसमधलं ते पडल्यावर घरच्यांना मेसेज जाणारं फीचर फोनमधूनच चालतं. फोन मेला किंवा रेंज नसली की मेसेज जात नाही. म्हणजे रस्ता डिव्हाइसने दाखवायचा आणि फोन खिशात, चार्ज राखून ठेवायचा. शिवाय हँडलवरच्या थरथरीने कॅमेऱ्याच्या लेन्सची स्थिर राखणारी यंत्रणा बिघडू शकते. मोटारसायकलबाबत तसा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. आपले खड्डे काही कमी नाहीत.

मधला पर्याय म्हणून पेन्सिल सेलवर चालणारी हातातली जीपीएस येतात. ट्रेकला मस्त. गाडीत मात्र त्या पिटुकल्या पडद्यावर वाकून बघणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

आणि कुणी घेऊ नये? रोज दहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्यांनी. स्क्रीन बंद ठेवून फोनवर राइड रेकॉर्ड करा, पुरेसं आहे. त्या पैशात आधी चांगलं हेल्मेट आणि मागचा दिवा येतो.

घेतलंच, तर खोक्यात एक छोटी दोरी येते बघा. लोक ती तशीच ठेवून देतात. हँडलला बांधा. क्लिप निसटली तर डिव्हाइस दोरीला लटकेल, मागच्या टेम्पोखाली जाणार नाही.

चला, पुढच्या भागात रूट आखायचा कसा ते बघू. तोपर्यंत पंक्चरचं सामान घेऊनच निघा!