हद्दीचा हरवलेला दगड शोधताना



ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आसपास भातखाचरांना लागून भराव पडतो, तेव्हा बांधाच्या टोकाचा हद्दीचा दगड मातीखाली जातो. दुसऱ्या टोकाचा दगड शाबूत असेल आणि बांधाचा नेमका मध्य ठाऊक असेल, तर गेलेली जागा काढता येते. चौकोनी खाचराची भावाभावांत निम्मी-निम्मी वाटणी करताना बांधाच्या मध्यावर खुंट रोवलेला असतो, तो इथे कामाला येतो.

बांध सरळ व मोकळा असेल तर दगडापासून खुंटापर्यंत मोजा आणि तेवढेच अंतर त्याच रेषेत पुढे घ्या. उतारावर टेप जमिनीवर टाकू नका, समपातळीत धरा. मध्ये ढिगारा असेल तर रस्त्याची सरळ कडा आधाराला घ्या. समजा, विजेच्या खांबापासून कडेने १० फूट जाऊन काटकोनात २० फूट आत दगड आहे; खुंट तसाच ७० आणि ४५ फुटांवर. खुंटाचे आकडे दुप्पट करून दगडाचे वजा करा. १४० वजा १० म्हणजे १३०. ९० वजा २० म्हणजे ७०. कडेने १३० फूट, आत ७० फूट, तिथे दगड.

मात्र खुंट अर्धा फूट बाजूला सरकलेला असेल, तर टोक एक फूट चुकते. १३० फुटांच्या या बांधावर ती पाचर ६५ चौरस फुटांची होते. नांगराने हललेला खुंट मी तरी धरणार नाही. खणताना शेजाऱ्याला सोबत घ्या. त्याला जागा मान्य नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा; वादात आपली खूण चालत नाही.