परमुलखातील दिवाळी

सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातील एक तहसिलीचे गाव. जबलपुराहून कटनीकडे जाताना सुमारे 40 किलोमीटरांवर ते लागते. आसपास लोहखनिजाच्या खाणी आहेत, कचेऱ्या आहेत, शाळा आहेत आणि सिहोरा रोड नावाचे रेल्वेस्थानक आहे. अलाहाबाद ते जबलपूर हा लोहमार्ग 1867 साली खुला झाला आणि 1870 साली तो मुंबईकडून आलेल्या मार्गाला मिळाला. तेव्हापासून या वाटेवरील वाहतूक अखंड चालू आहे. गाड्यांना दिवाळी नसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे नागपुरात आई उटण्याची वाटी हाती घेऊन मुलांना उठवीत असते, नेमक्या त्याच वेळी तिचा थोरला मुलगा अशा एखाद्या स्थानकावर हिरवा दिवा दाखवीत उभा असतो. गाडी निघून जाते, तिचा तांबडा दिवा अंधारात दिसेनासा होतो, आणि मग त्याला जे वाटते त्याविषयी तो पत्रात कधी लिहीत नाही.

मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नव्हे. 1781 साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले आणि जबलपूर त्यांच्याकडे आले. 1798 मध्ये ते नागपूरकर भोसल्यांना मिळाले व 1817 पर्यंत त्यांच्याकडे राहिले. पुढे इंग्रजी अमलात मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली, तेव्हा कारकून, शिक्षक, पोस्टमास्तर आणि वकील नागपुराकडून नर्मदेच्या खोऱ्यात येऊ लागले. 1904 साली जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना निघाला. त्यानेही पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे आणली. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही प्रथम नागपूरच होती आणि हिंदीबरोबर मराठी ही त्या राज्याची राजभाषा होती. सिहोऱ्यास बदली झालेला नागपूरकर आपल्याच प्रांतात राहत असे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्या वर्षीची दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात होती. घर हलले नाही, नोकरी हलली नाही. तरी पणत्या लावताना कित्येक कुटुंबांना आपण आता परराज्यात आहोत हे कळले. नकाशावरची रेघ मनात उतरावयास सणाचा दिवस लागतो.

हे एकटेपण मोठे चमत्कारिक असते. निर्जन स्थळी माणसाला एकटे वाटले तर त्यात नवल नाही. येथे मात्र चहूकडे दिवेच दिवे असतात. सिहोऱ्यात धनत्रयोदशीला भांड्यांची दुकाने गजबजतात, अमावास्येला लक्ष्मीपूजन होते, लाह्या-बत्तासे वाटले जातात. सण तोच, रात्रही तीच. तथापि महाराष्ट्राच्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो आणि तिकडच्या पंचांगात पौर्णिमेला. म्हणून जी रात्र आईच्या दृष्टीने आश्विनातली, तीच शेजाऱ्याच्या दृष्टीने कार्तिकातली. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पाडवा. तेथे अंगणात शेणाचा गोवर्धन घालून त्याची पूजा होते. आपली करंजी दिवाळीच्या फराळाची; तिची बहीण गुजिया तेथे होळीला विशेष मान मिळविते. परकेपण पुष्कळदा मोठ्या भेदातून येत नाही. ते अशा जवळच्या, किंचित निसटलेल्या साम्यातून येते. आपल्या घरासारखे सारे असते, आपले घर तेवढे नसते.

ही व्यथा केवळ मराठी माणसाची नव्हे. फिलिपीन्स देशाचे वीस लाखांहून अधिक लोक परदेशात पोटासाठी राबतात. कोणी जहाजांवर, कोणी रुग्णालयांत, कोणी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत. त्यांचा मोठा सण नाताळ. मायदेशी त्याची चाहूल सप्टेंबरातच लागते, आणि 16 डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना चालतात. बांबूच्या कामट्या व कागद यांचा ताऱ्याच्या आकाराचा कंदील तेथे घरोघर टांगतात. मराठी मुलाने तो पाहिला तर आकाशकंदीलच म्हणेल. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया रविवारच्या सुटीला शहराच्या मध्यभागी, मोठमोठ्या इमारतींच्या सावलीत, पुठ्ठे अंथरून बसतात. डबे उघडतात, पत्ते खेळतात, एकमेकींचे केस विंचरतात. त्यांनी एकटेपणावर काढलेला हा तोडगा साधा आहे. घर मिळत नसेल तर आठवड्यातून एक दिवस घर मांडावयाचे, मग ते रस्त्यावर का असेना.

मराठी माणसानेही आपले तोडगे काढले. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचे ताट मांडले गेले. टपालाने येणाऱ्या त्या अंकांनी दूरच्या गावी किती रात्री सोबत केली असेल! तारखात्याने शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांक दिले होते. माणसाने नुसता आकडा लिहावा आणि पलीकडे अख्खे वाक्य पोहोचावे. ती तारसेवा 2013 साली बंद झाली. 1948 मध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. मध्यम लहरी दिवसा फार दूर जात नाहीत, रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्या दूरवर पोहोचतात. म्हणून दिवसभर मुके राहिलेले यंत्र अंधार पडल्यावर खरखरत का होईना मराठी बोलू लागे.

आज खिशातल्या दूरध्वनीवर घरची आरती प्रत्यक्ष दिसते. तरी दुःख पुरते मिटलेले नाही. पडद्यावर ओवाळणी दिसते, तबकातल्या दिव्याची ऊब लागत नाही. आणि संभाषण संपल्यावरची शांतता आधीपेक्षा गडद होते. याचा अर्थ दूरध्वनी करू नये असा नव्हे. त्यानंतरच्या घटकेसाठी काही काम, कोणी माणूस योजून ठेवावे, इतकाच त्याचा अर्थ.

अनुभवी माणसे याहून दोन-तीन गोष्टी अधिक सांगतात. सगळी दिवाळी एकट्याने साजरी करू पाहणारा थकतो आणि खिन्न होतो. त्याने एकच गोष्ट निवडावी व ती पुरती करावी. पहाटे उटणे लावून स्नान करावे, किंवा दारात चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढावी. दुसरी गोष्ट आमंत्रणाची. एकटा माणूस कोणी बोलावील म्हणून वाट पाहतो, आणि बोलावणे आले नाही म्हणजे गावाला कठोर ठरवितो. वस्तुतः शेजाऱ्याला वाटत असते की याची रीत निराळी, याला संकोच होईल. म्हणून बोलावणे एकट्यानेच धाडावे. खोलीत चार माणसे येतात, चिवडा ‘अच्छा बना है’ म्हणून संपवितात, आणि दुसऱ्या दिवशी गोवर्धनाच्या प्रसादाला त्याला हक्काने ओढून नेतात. तिसरी गोष्ट पाळ्यांची. ज्याचे घर जबलपुरात आहे त्याने दिवाळीला जावे व ज्याचे दूर आहे त्याला गणपतीला सोडावे, अशी अदलाबदल आपसात ठरली तर दोघांचाही सण साधतो.

आणखी एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. परगावी राहिलेल्या मुलाचे एकटेपण सर्वांना दिसते. घरी राहिलेल्या आईचे दिसत नाही. तिच्याभोवती माणसे असतात, म्हणून ती सुखी आहे असे गृहीत धरले जाते. ती मात्र करंज्या मोजून डब्यात भरते आणि न मोजता चार बाजूला काढते. दोघेही एकमेकांना ‘मजेत आहे’ असेच कळवितात. या दोन खोट्यांमुळे दोघेही आपापल्या जागी अधिक एकटे पडतात. एखाद्या वर्षी मुलाने सरळ लिहावे की यंदा करमले नाही, पहाटे तुझी फार आठवण झाली. असे पत्र वाचून आई रडेल खरी. पण त्या रडण्यात तिला सोबत असेल.

सिहोरा रोडवरची पहाटेची गाडी गेलेली असते. उजाडू लागते. पाळी संपवून तो तरुण खोलीवर येतो, पाणी तापवितो, आणि डब्याच्या तळाशी कागदात बांधलेली उटण्याची पुडी उघडतो. उशीर झालेला असतो, सूर्य वर आलेला असतो. शास्त्र काहीही सांगो, तो अभ्यंग करतो. मग शेजारच्या घराची कडी वाजवितो.