दोरी सैल कधी सोडायची

मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. तिथून अडीच-तीन वर्षांचं उमदं जनावर घेऊन माणूस हौसेनं घरी येतो आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: घोडा तोंडाचा कडक निघाला. लगाम खेचला की थांबायचं सोडून मान ताठ करतो आणि आणखी जोरानं पुढं रेटतो. मग कुणीतरी जाणता सांगतो, ‘लगाम बदला, जरा जहाल घाला.’ आज मला बोलायचं आहे ते या सल्ल्याविरुद्ध.

घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवून बघा. चावणार नाही, कारण तिथं दातच नसतात. पुढचे कातरे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी बसते ती इथंच. अंगठा खाली दाबलात की थेट जबड्याच्या हाडाची कड लागते. वर नुसती पातळ त्वचा. इतक्या नाजूक जागी लोखंड रुतत असताना घोडा ऐकत नाही, याचा अर्थ त्याला कळत नाही असा नव्हे. दाब आला की उलटा दाब द्यायचा, हा त्याचा स्वभाव. छातीला हात लावून मागं ढकला, तो तुमच्यावरच रेलेल. चारशे किलोच्या जनावराशी दोन्ही हातांनी रस्सीखेच खेळणारा स्वार त्याला रेलायला टेकू देत असतो, दुसरं काही नाही.

आणखी एक गोष्ट मालकाच्या ध्यानात येत नाही. अडीच वर्षांच्या सुमारास घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. याच काळात पुढच्या दाढाही बदलतात आणि नराला चौथ्या-पाचव्या वर्षी सुळे येतात. म्हणजे आपण लगाम शिकवायला घेतो त्या वयातच तोंड ठणकत असतं. वरच्या दाढांच्या पुढं कधीकधी वाटाण्याएवढा एक निरुपयोगी दात असतो, त्यावर दांडी आपटते. दाढांच्या धारदार कडा गालाला आतून कापतात ते वेगळंच. बाजारात जो तो घोड्याचे दात बघतो, पण वय ठरवायला. दुखतंय का म्हणून जबडा उघडणारं गिऱ्हाईक विरळं. तेव्हा आधी पशुवैद्याला तोंड दाखवा. कानस फिरवून कडा घासल्या, तो लहान दात काढला, की निम्मा कडकपणा आपोआप जातो, असे घोडे पुष्कळ.

कॅलिफोर्नियातल्या जुन्या गुराखी स्वारांनी यावर आपल्यापेक्षा शहाणा तोडगा काढला होता. कोवळ्या घोड्याच्या तोंडात ते लोखंड घालतच नसत. नाकावर कच्च्या चामड्याचा विणलेला पट्टा, त्याला केसांची दोरी, आणि दात बदलून होईपर्यंत सगळं शिक्षण त्यावर. मग काही काळ पट्टा आणि लगाम दोन्ही, आणि शेवटी एकटा लगाम. यात वर्षं जात. आपल्याकडं चाबुकस्वाराला महिन्याचा वायदा घालतात.

शिकवायचं कसं? पहिले धडे खाली उभं राहून. खोगिराजवळ उभे राहा. साधा, गुळगुळीत, जाड दांडीचा लगाम. फक्त एका बाजूची दोरी हळूहळू आपल्याकडं घ्या आणि तिथंच धरून ठेवा. दोन दोऱ्यांविरुद्ध घोडा मान ताठ करू शकतो, एकीविरुद्ध त्याला तसा जोर लावता येत नाही. तो मान झटकेल, पाय बदलेल, गोल फिरेल. फिरू द्या, हात मात्र वाढवू नका आणि सोडूही नका. मग एक क्षण येतो. नाक बोटभर आत वळतं, दोरीतला ताण नाहीसा होतो. त्याच क्षणी दोरी सोडा. मागाहून नाही, शाबासकी देऊन झाल्यावर नाही, त्याच क्षणी. घोडा खेचण्यानं शिकत नाही. खेचणं कधी थांबलं यावरून शिकतो. त्यानं डोकं झटकलं आणि तुमची दोरी तेव्हाच सुटली, तर तुम्ही त्याला डोकं झटकायला शिकवलंत. ‘खोडी’ म्हणून मालक सांगतात त्यातल्या बऱ्याचशा अशाच शिकवलेल्या असतात. समजलं की घोडा ओठ चाटतो, जबडा हलवतो, तोंड ओलसर होतं.

दोन्ही बाजू हलक्या झाल्या की वर बसा. आधी चाल, मोठी वर्तुळं, मग दुडकी. टाचेनं मागचे पाय पुढं आणा आणि बोटं मिटून थांबा; हात मागं न्यायचा नाही. मागचे पाय अंगाखाली आल्याशिवाय तोंडाचा मऊपणा टिकत नाही.

जहाल लगामाचे भक्त प्राचीन ग्रीसच्या झेनोफनचा दाखला देतात. त्यानं घोडा राखणाऱ्याजवळ एक गुळगुळीत आणि एक खरखरीत, असे दोन लगाम असावेत असं लिहिलं, हे खरं. पण घोड्यानं मान नीट उचलली की हात सैल सोडा, हेही त्यानंच लिहिलं. ते सोयीस्करपणे विसरलं जातं. आणि काटेरी लगाम तर आपल्याकडं जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनीच मना आहे. तरी तो दिसतो. त्यानं मान कमानीसारखी वाकते, तोंडाला फेस येतो आणि बघणारे म्हणतात, ‘काय मऊ तोंड!’ हनुवटी छातीला चिकटवणारा घोडा मऊ नसतो. लोखंडापासून पळायला त्याला तेवढीच जागा उरलेली असते.

ज्याच्या तोंडात जुन्या जखमांचे वण पडले आहेत, त्याला सरळ नाकपट्टीवर चालवावं, काहींना कायमचं. थांबणं, वळणं, मागं सरणं ही सगळी कामं नाकपट्टीवर होतात. वरातीत तिची ऐट दिसत नाही असं घोडेवाले म्हणतात, तेवढं मात्र खरं आहे.