‘स्मृतिचित्रे’ कानांनी वाचताना

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांची ओळख या सभागृहात करून द्यायला नको. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही. हे सगळं तुम्ही जाणताच. तेव्हा थेट भांडणाकडे येऊ या. ‘स्मृतिचित्रे’चा विषय निघाला की तीन विशेषणं हमखास ऐकू येतात: साधं, सरळ, भाबडं. पहिली दोन चालतील. तिसरं या पुस्तकावर अन्याय करणारं आहे.

हा समज कशातून आला, ते उघड आहे. बाई शाळेत गेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला टिळकांनी शिकवलं. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला लावल्या. पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा बाई पासष्टीच्या पुढे होत्या. मग काय, आजी ओसरीवर बसून सांगत गेली आणि पुस्तक झालं!

आता सुरुवातीचीच पानं घ्या. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. (हशा) हसा, पण मीठ धुवून बघा एकदा. परातीत घेतलंत, पाणी घातलंत, निथळलंत. हाती काय उरलं? (पुन्हा हशा) धुणारी घरातली बाईच, मीठ कमी पडलं म्हणून बोलणी खाणारीही बहुधा तीच. लक्ष्मीबाई यावर उसासे टाकत नाहीत, वडिलांना खलनायकही करत नाहीत. या वेडाशेजारीच त्यांनी १८५७ ची हकिकत ठेवली आहे: आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांना हे वेड जडलं. आत्ता हसलेलं सभागृह बघा कसं गप्प झालं. पुस्तकही वाचकाला असंच गप्प करतं.

मागून कुणी तरी विचारतंय, ‘म्हणजे बाईंनी हे ठरवून केलं?’ ठरवून म्हणजे आराखडा काढून नव्हे. पण काय सांगायचं, कुठे थांबायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टिळकांचा तापटपणा, न सांगता घर सोडून जाणं, हातचं देऊन टाकणं, सगळं त्या लिहितात. नवऱ्याबद्दलचा निवाडा मात्र वाचकावर सोडतात. बोलघेवड्या माणसाला हे जमत नाही. त्याला प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य सांगायचं असतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. बालकवी राहिले, टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पुढे नेलं तेही राहिलं. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान हवं.

एकच पुरावा देतो. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग देवदत्तांनी पूर्ण केला. घर तेच, माणसं तीच, आईचं बोलणं जन्मभर ऐकलेला मुलगा, स्वतः लिहिता. नुसतं बोललेलं उतरवायचं असतं, तर सांधा दिसायलाच नको होता. पहिल्या भागातली चार पानं आणि चौथ्याच्या अखेरची चार पानं घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. फरक ऐकू आला नाही तर जरूर भांडायला या. पुस्तक घेऊन या मात्र.